मनगटावर घड्याळ, टाकीत माणूस

महापालिकेच्या आवारात नवं यंत्र आलं की त्याची पूजा होते. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, साहेबांच्या हातात रिमोट आणि मागे रांगेत उभे केलेले सफाई कामगार, कोऱ्या करकरीत हेल्मेटांत. गटारसफाईच्या रोबोंचे असे सोहळे गेल्या काही वर्षांत देशभर झाले. फोटोतला रोबो चकचकीत असतो, कारण तो अजून खाली उतरलेला नसतो.

रोबोला माझा विरोध नाही. ज्या कामात माणूस गुदमरून मरतो ते काम लोखंडाने केलं तर त्याला विरोध करणारा मी कोण? शिवाय या यंत्रामागची गोष्ट चटका लावणारी आहे. नोव्हेंबर 2015 मध्ये केरळात कोझिकोडला दोन कामगार मॅनहोलमध्ये अडकले. रस्त्याने चाललेला नौशाद नावाचा रिक्षावाला त्यांना काढायला उतरला. तिघेही गेले. त्याच राज्यातल्या काही तरुण इंजिनिअरांनी पुढे ‘जेनरोबोटिक्स’ ही कंपनी काढली आणि 2018 मध्ये तिरुवनंतपुरमला त्यांचा ‘बॅन्डिकूट’ कामाला लागला. बॅन्डिकूट म्हणजे आपली घूस. मॅनहोलच्या तोंडावर सांगाडा उभा करायचा, त्यातून यंत्राचा धड-हाताचा भाग खाली सोडायचा. तो पाय फाकवून भिंतींना टेकतो, हाताने तळाचा गाळ उपसून बादलीत भरतो आणि बादली वर येते. कॅमेरा आणि गॅसचे सेन्सर बसवलेले असतात, चालवणारा माणूस वर उभा राहून पडद्यावर बघतो. हे मनापासून कौतुक करण्यासारखं आहे.

माझी तक्रार खरेदी करणाऱ्यांविषयी आहे. खरेदी झाली की प्रश्न सुटला असं धरून चालणाऱ्यांविषयी आहे, आणि त्यात आपण सगळे आलो.

1 फेब्रुवारी 2023 च्या अर्थसंकल्पी भाषणात निर्मला सीतारामन यांनी ‘मॅनहोलकडून मशीनहोलकडे’ जायची घोषणा केली: सगळ्या शहरांत सेप्टिक टँक आणि गटारांची सफाई शंभर टक्के यंत्राने. त्याच वर्षी गटार आणि सेप्टिक टँकची सफाई यंत्राने व्हावी, कामगार सुरक्षित राहावा यासाठी केंद्राची ‘नमस्ते’ योजना सुरू झाली, सुमारे 350 कोटींची. पैसा आला, यंत्रंही येत आहेत. मग माणसं मरतात कुठे? याचं उत्तर सरकारनेच दिलं आहे. 2022 आणि 2023 या दोन वर्षांतल्या 54 मृत्यूंचं सोशल ऑडिट केंद्राने करून घेतलं, 8 राज्यांतल्या 17 जिल्ह्यांत. त्याचे निष्कर्ष 2025 मध्ये संसदेपुढे आले. 54 पैकी 49 जणांच्या अंगावर संरक्षणाचं काहीही नव्हतं, साधे हातमोजेसुद्धा नाहीत. आणि मला त्याहून महत्त्वाचा वाटलेला आकडा असा, की 38 जणांना व्यक्तिशः ठरवून बोलावलं होतं. सरकारी हजेरीपटावरचे होते अवघे पाच.

व्यक्तिशः ठरवून बोलावलं म्हणजे काय, हे कुठल्याही शहराच्या भिंतीवर लिहिलेलं आहे. ‘चोकअप काढून मिळेल’, खाली मोबाइल नंबर. विजेच्या खांबावर, पुलाखाली, सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर. महापालिकेचा रोबो या नंबरवर येत नाही. डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीत तीन कामगार गेले ते एका खासगी सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये. त्यांच्या विधवांना 10 लाखांची भरपाई मिळवायला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि आदेश झाला सप्टेंबर 2021 मध्ये. एप्रिल 2024 मध्ये विरारला चार जण गेले ते एका मोठ्या गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, म्हणजे आपण ज्याला एसटीपी म्हणतो आणि माहितीपत्रकात जिम, क्लबहाउसच्या रांगेत छापतो, त्यात.

हे मी बाहेरून बोट दाखवत लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत होतो. उपनगराच्या टोकाला इमारत, महापालिकेची ड्रेनेज लाइन अजून पोचलेली नाही, त्यामुळे सेप्टिक टँक. एका पावसाळ्याआधी तळमजल्याच्या संडासांतून पाणी उलटं यायला लागलं. दोन कोटेशनं आली. एक सक्शनच्या गाडीचं, दुसरं भिंतीवरच्या नंबरवाल्याचं, निम्म्याहून कमी. बैठक दहा मिनिटांत संपली. गाडीचा पाइप गेटपासून टाकीपर्यंत पोचेल का, यावर थोडी चर्चा झाली. माणूस आत उतरणार का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. तो उतरला. नायलॉनची एक दोरी कमरेला, तोंडाला गमछा. चाळीस मिनिटांनी धडधाकट वर आला, नळावर हातपाय धुतले, चहा नको म्हणाला, पैसे घेऊन गेला. चहा का नको म्हणाला, हे माझ्या बरंच उशिरा लक्षात आलं. कुणाच्या कपात देणार होतो आम्ही?

त्या दिवशी काही झालं नाही, हा निव्वळ योगायोग होता.

हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, हे शाळेत शिकवतात. पुढचं शिकवत नाहीत. हवेत त्याचं प्रमाण साधारण 100 पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या) वर गेलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. झाकण उघडलं तेव्हा घाण वास होता, खाली गेल्यावर कमी झाला, म्हणजे गॅस गेला, असं वाटतं ते नेमकं त्याच वेळी. प्रमाण 500-700 च्या पुढे गेलं की माणूस काही मिनिटांत कोसळतो, हजाराच्या आसपास एक-दोन श्वास पुरतात. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. आणि गाळ ढवळला की त्यात कोंडलेला एकदम सुटतो. म्हणून काडी पेटवून टाकून बघणं, झुरळं जिवंत आहेत का ते बघणं, या कामगारांच्या जुन्या परीक्षा फसतात: परीक्षा घेतली तेव्हा हवा खरंच बरी असते, पहिलं फावडं मारल्यावर ती बदलते. (काडीची परीक्षा तर भलतीच. मिथेन हवेत 5 ते 15 टक्के असेल तर काडी उत्तर देते, पण ते ऐकायला कुणी उरत नाही.) एक कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. बातम्यांत मृतांचा आकडा तीन-चार का असतो त्याचं कारण हे आहे. एकाची चूक तिघांनी केलेली नसते. दोघे माणुसकीपायी गेलेले असतात.

इथे तंत्रज्ञान खरोखर जीव वाचवतं, आणि त्याला रोबो लागत नाही. मुठीत मावणारा चार वायूंचा डिटेक्टर असतो: प्राणवायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि पेट घेणारे वायू. प्राणवायू 20.9 टक्क्यांवरून 19.5 च्या खाली आला की तो ओरडतो. पण या डब्याची एक खोड आहे, आणि ‘स्मार्ट’ हा शब्द ज्यांच्या तोंडी असतो त्यांनी ती समजून घ्यायला हवी. त्यातला हायड्रोजन सल्फाइडचा सेन्सर रासायनिक असतो. त्याला आयुष्य असतं, बहुधा दोन-तीन वर्षांचं. वापरा किंवा कपाटात ठेवा, तो म्हातारा होतोच. आणि मेलेला सेन्सर बहुतेकदा शून्य दाखवतो. शून्य म्हणजे गॅस नाही. म्हणजे डबा बिघडला की तो ‘उतरा खुशाल’ असं सांगतो. म्हणूनच ठराविक काळाने ज्ञात प्रमाणाचा गॅस सोडून तो जुळवून घ्यायचा असतो आणि दर पाळीआधी थोडा गॅस दाखवून तो ओरडतो की नाही हे बघायचं असतं. यासाठी गॅसची छोटी नळकांडी लागतात, ती संपतात, पुन्हा घ्यावी लागतात. ती नळकांडी कुठल्या खात्यातून घ्यायची, कुणाच्या सहीने, संपली तर काम थांबवायचा हक्क मुकादमाला आहे का? मला विचाराल तर यंत्र स्मार्ट आहे की नाही ते या तीन प्रश्नांवर ठरतं. त्याला सिमकार्ड आहे का, यावर नाही.

आता सिमकार्डाकडेच वळू. सफाईच्या क्षेत्रात आपल्या शहरांनी हौसेने आणलेलं एक स्मार्ट यंत्र म्हणजे सफाई कामगाराच्या मनगटावरचं जीपीएस घड्याळ. नागपुरात ते आलं, चंदीगड-पंचकुल्यात आलं. कामगार नेमून दिलेल्या हद्दीत आहे का, किती वेळ आहे, हे कार्यालयातल्या पडद्यावर दिसतं. हजेरी चौकीवर सही ठोकून गायब होणारे, एकाच्या नावावर दुसऱ्याला राबवणारे, हे प्रकार होते, मी नाकारत नाही. पण कामगारांच्या तक्रारी काय होत्या ते ऐका. घड्याळ घरी नेऊन स्वतःच्या विजेवर चार्ज करायचं. बॅटरी उतरली किंवा नेटवर्क गेलं तर रोज कापला जाईल ही धास्ती. झाडू मारणाऱ्या बायकांना भीती, की यातून आपलं बोलणं ऐकतात, कपडे बदलताना, संडासला जाताना कुणी बघतं. रस्त्यावर आठ तास काम करणाऱ्या बाईला जायला स्वच्छतागृह कुठे आहे, हे मात्र त्या पडद्यावर दिसत नाही.

उपग्रहाशी बोलणारं यंत्र त्या मनगटावर आलं, तेव्हा ते कामगार कुठे आहे हे सांगायला आलं. तो श्वास घेतोय का, हे सांगायला आलं नाही. दोन्ही करता येतं, खर्चातही आभाळ-पाताळाचं अंतर नाही. आपण काय निवडलं यातून आपल्याला कशाची काळजी आहे ते कळतं. असंच मॅनहोलच्या झाकणांचं. 29 ऑगस्ट 2017 च्या मुंबईच्या पुरात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले, त्यानंतर झाकणाखालच्या जाळ्या, झाकण हललं की इशारा देणारे सेन्सर यांच्यावर न्यायालयापासून वर्तमानपत्रांपर्यंत खल झाला. व्हायलाच हवा होता. पण त्याच भोकात पगारासाठी उतरणाऱ्याकरता तेवढा खल झाल्याचं मला आठवत नाही.

याचं कारण झाडूइतकंच जुनं आहे. ‘नमस्ते’खाली ज्या अडतीस हजारांच्या आसपास गटार आणि सेप्टिक टँक कामगारांची नोंद झाली, त्यांतले सुमारे 92 टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातले निघाले. एकट्या अनुसूचित जातींचे 69 टक्क्यांच्या घरात. कुठलाही सेन्सर न लावता हे आपल्याला ठाऊक होतं.

कायदा नाही असं नाही. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा 1993 चा होता, मग 2013 चा आला, त्या वर्षीच्या 6 डिसेंबरपासून लागू झाला. तारीख बघा. पण त्यात एक फट आहे. ‘धोकादायक सफाई’ म्हणजे काय, तर मालकाने संरक्षक साधनं न देता करून घेतलेली सफाई. म्हणजे साधनं दिली की उतरवणं चालतं. मग साधनांची यादी येते, चाळीसहून अधिक वस्तूंची, आणि कागदोपत्री ती नेहमी पूर्ण असते. शब्दांचा दुसरा खेळ संसदेत झाला. जुलै 2021 मध्ये रामदास आठवले यांनी राज्यसभेत सांगितलं, की हाताने मैला उचलण्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर, कारण गटारात मेलेला माणूस ‘धोकादायक सफाई’च्या रकान्यात जातो. त्या रकान्यात 2019 ते 2023 या पाच वर्षांत 377 जण आहेत, तेही सरकारचंच उत्तर. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठरवलेली 10 लाखांची भरपाई 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात 30 लाख केली. सोसायट्यांच्या कमिट्यांना ही रक्कम माहीत असती, तर आमची ती दहा मिनिटांची बैठक कदाचित अकरा मिनिटं चालली असती.

मग करायचं काय? मला दोन गोष्टी दिसतात. दोन्हींत दाखवण्यासारखं यंत्र फारसं नाही, म्हणून त्यांची चर्चा होत नसावी.

पहिली साताऱ्यातल्या वाईत आणि नाशिकजवळच्या सिन्नरमध्ये झाली. या दोन नगरपालिकांनी सेप्टिक टँक उपसण्याचं वेळापत्रक केलं. तुंबल्यावर बोलवायचं नाही. दर तीन वर्षांनी गाडी आपली पाळी आली की दारात येते, हवी असो वा नसो. त्यासाठी घरोघरची टाकी नोंदली, ठेकेदाराला कामाप्रमाणे पैसे, आणि नागरिकांकडून उपसण्याची वेगळी फी न घेता स्वच्छता कर. नोंदी ठेवायला ॲप आहे, गाळ नेऊन टाकायला प्रक्रिया केंद्र आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मंडळींनी त्यांना यात साथ दिली. आता हे नीट बघा. तीन वर्षांत उपसलेली टाकी पातळ असते, सक्शनचा पाइप ती ओढून घेतो. पंधरा वर्षं हात न लावलेल्या टाकीत तळाला दगडासारखा थर बसतो, पाइपला तो निघत नाही, आणि मग ‘जरा उतर की रे’ अशी वेळ येते. माणूस खाली जातो तो बहुतेकदा यंत्र नसल्यामुळे नव्हे, यंत्र फार उशिरा बोलावल्यामुळे. ही गोष्ट मला कुठल्याही रोबोपेक्षा हुशार वाटते, आणि तिला कॅलेंडर पुरतं.

दुसरी गोष्ट मालकीची. 2017 मध्ये हैदराबादच्या पाणीपुरवठा मंडळाने अरुंद गल्ल्यांत शिरतील अशा 70 छोट्या जेटिंग गाड्या, म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा मारून लाइन मोकळी करणाऱ्या, रस्त्यावर आणल्या. 2019 मध्ये दिल्ली जल बोर्डाने 200. दोन्हीकडे पुण्यात मुख्यालय असलेली दलित उद्योजकांची संघटना, डिक्की, सोबत होती. दिल्लीत या गाड्या सफाई कामगार, मृत कामगारांची कुटुंबं यांना बँकेच्या कर्जावर मालकीने मिळाव्यात आणि बोर्डाने त्यांना कामाचा करार द्यावा, अशी रचना केली गेली. कागदावर आखलं तसं प्रत्येक गाडीचं झालं असेल असं मी म्हणत नाही. कर्जाचा हप्ता आणि सरकारी बिल यांची वेळ कधी जुळते ते धंदा करणाऱ्याला विचारा. पण कल्पनेतला कणा सरळ आहे. ज्याने आयुष्यभर बांबू घालून चोकअप काढले त्याला ती लाइन कुठे वळते, कुठल्या हॉटेलचं तेल कुठे थिजतं, कुठल्या चेंबरची वीट निसटली आहे, हे पाठ असतं. यंत्र त्याच्या हातात दिलं तर ते ज्ञान वाया जात नाही.

आपल्याकडे काय होतं? यंत्र येतं ते कंत्राटासकट. चालवणारा, दुरुस्ती करणारा, ॲप बघणारा, सगळे कंत्राटदाराचे, आयटीआय किंवा डिप्लोमा झालेले. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीची हमी दिली. त्या हमीमागे कामगार चळवळीचा घाम आहे आणि ती काढून घ्या असं कुणी म्हणू नये. पण वारशात येतो तो झाडू. जॉयस्टिकची जागा वारसाहक्कात येत नाही. सफाई कामगाराचा मुलगा आज बीए, बीकॉम असतो, तरी तो त्याच हजेरी चौकीत बापाच्या जागी उभा राहतो आणि समोरच्या गाडीवर बारा हजारांचा कंत्राटी पोरगा बटणं दाबतो. दोघांपैकी एकाचंही भलं झालेलं नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: यंत्राने सफाई कामगारांच्या नोकऱ्या जातील. आक्षेप घेणारे बहुधा स्वतः कधी मॅनहोलच्या काठावरही उभे राहिलेले नसतात. गटारात उतरण्याची नोकरी जाणं ही वाईट बातमी नव्हे. वाईट बातमी ही, की ती जाताना त्या माणसाला दुसरी मिळत नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध लढणारे मॅगसेसे पुरस्कारविजेते बेझवाडा विल्सन आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं पुनर्वसनावर बोट ठेवत आले आहेत ते यासाठीच.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. छोट्या नगरपालिकेला रोबो परवडत नाही, परवडला तर त्याचा मेकॅनिक मिळत नाही, आणि तुटका रोबो शेडमध्ये ताडपत्रीखाली जातो. म्हणूनच म्हणतो, आधी वेळापत्रक, मग सक्शनची गाडी, चालू स्थितीतला डिटेक्टर, मग जमलं तर रोबो. रोबो मॅनहोलच्या तळाचा गाळ काढतो, दोन मॅनहोलमधली तुंबलेली लाइन मोकळी करायला जेटिंगच लागतं. आणि आपण संडासात टाकतो ते कापड, पॅड, प्लॅस्टिक, इमारतीच्या कामाची सिमेंट-माती हे सगळं त्याच लाइनमध्ये जातं, तिथे तर कुठलंच यंत्र पुरं पडत नाही.

सोसायट्यांचं काय? मला वाटतं, नगरपालिकेने घरपट्टीच्या बिलावर एक ओळ छापावी: तुमची टाकी शेवटची कधी उपसली आणि पुढची तारीख कोणती. ज्याने उतरवलं त्याच्यावर गुन्हा, ही तरतूद कायद्यात आहेच. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण सोसायटीचा सेक्रेटरी स्वतःला ‘मालक’ समजत नाही, तो भिंतीवरच्या नंबरवर फोन करणारा एक सभासद असतो. बिलावर तारीख आली की ती त्याची होईल.

गेल्या महिन्यात आमच्या वार्षिक सभेत मी हा विषय काढला. टाकी शेवटची कधी उपसली, हे कुणालाच सांगता येईना. रजिस्टरमध्ये ‘सफाई’ असा एक खर्च सापडला, वर्ष सापडलं, कुणी केली ते नव्हतं. मग ठरलं की निदान टाकी बघू. झाकण शोधायला वॉचमन, मी आणि खजिनदार पार्किंगमध्ये गेलो. चार वर्षांपूर्वी तिथे नव्या फरशा बसवल्या होत्या. झाकण त्यांच्याखाली आहे, नेमकं कुठल्या गाडीखाली, यावर खजिनदार आणि वॉचमन यांचं एकमत अजून झालेलं नाही.